नावे न ठेवणारीचे नाव

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या आत्याला घेऊन दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो होतो. कारण सांगायला आज थोडी लाज वाटते. आजोबांच्या शेतातला तिचा वाटा तिने भावांच्या, म्हणजे आता आम्हा भाच्यांच्या, नावे सोडावा यासाठी हक्कसोडपत्र करायचे होते. कागद तयार होते, साक्षीदार आले होते, आत्या ठेवणीतले लुगडे नेसून बाकावर बसली होती. तिथल्या बाबूने तिचे तीन कागद शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा वर केला. सातबाऱ्यावर 'अनुसया', आधार कार्डावर 'अनुसूया' आणि चौथीच्या दाखल्यावर 'अनसूया'.

"यातल्या खऱ्या बाई कोणत्या?" त्याने विचारले.

मी तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. उत्तर मला ठाऊक होते, पण ते त्याला नको होते. त्याला हवे होते तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र. काम पुढे ढकलले गेले, आत्या माझ्याकडे मुक्कामाला राहिली, आणि त्या दिवसांत या नावाचा माग काढायचा नाद मला लागला.

दाखल्यावरचे रूप मूळचे. अन् + असूया. नकार दाखवणारा 'न' स्वराच्या आधी आला की त्याचा 'अन्' होतो. अनंत, अनघा ही नावे तशीच घडली आहेत. जिच्या ठायी असूया नाही ती अनसूया. म्हणजे या नावाचा सगळा भार त्या पहिल्या दीड अक्षरावर आहे. ते निसटले की उरते ती असूया.

असूया म्हणजे मत्सर असे आपण आज सरसकट म्हणतो. जुने वैयाकरण इतके सैल नव्हते. पाणिनीने एका सूत्रात क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया या चार भावांचे धातू एकत्र घेतले, आणि टीकाकारांनी चौघांतला फरक काटेकोर सांगितला. दुसऱ्याचे चांगले न साहणे ही ईर्ष्या. दुसऱ्याच्या गुणांतच दोष काढणे ही असूया. अमरकोशातही असूयेचा अर्थ हाच आहे. शेजारच्या मुलाला पहिला वर्ग मिळाला म्हणून झोप लागत नसेल तर ती ईर्ष्या. "यंदा पेपरच सोपे होते" असे चारचौघांत म्हटले की ती असूया. ईर्ष्या मनात जळते, असूया बोलते.

मराठीत याला नेमका वाक्प्रचार आहे: नावे ठेवणे. बारशाला ठेवतात ते नाव, आणि पाठीमागे ठेवतात ती नावे. एका अनुस्वाराने आणि एका मात्रेने अर्थ उलटा करणारी आपली भाषा! अनसूया म्हणजे नावे न ठेवणारी. शब्दकोशातल्या 'मत्सररहित' या अर्थापेक्षा मला हा अर्थ जवळचा वाटतो, आणि खराही.

हा गुण कोणाचा मानला जात होता, हे पाहिल्यावर मात्र मी चकित झालो. गौतमधर्मसूत्रात आत्म्याचे आठ गुण दिले आहेत. दया, क्षमा, शुचिता यांच्या पंक्तीत अनसूया आहे. यास्काच्या निरुक्तात विद्या स्वतः ब्राह्मणाकडे येऊन विनवते की, असूया करणाऱ्याच्या हाती मला देऊ नकोस. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला गूढ ज्ञान सांगायला घेतो, ते अर्जुन असूयारहित आहे म्हणून. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी ऐकणाऱ्याकडून पुन्हा तीच अपेक्षा ठेवतो. सगळीकडे तो शिकणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा गुण आहे. ज्याला समोरच्याच्या बोलण्यात आधी खोटच दिसते तो शिकणार काय? (वर्गातल्या शेवटच्या बाकावरचे काही चेहरे मला या ठिकाणी आठवतात; पण ती माझी असूया झाली.)

गुण अर्जुनाचा, नाव मात्र मुलींचे. 'अनसूय' नावाचा मुलगा मला साऱ्या नोकरीत भेटला नाही. दुसऱ्याचे चांगले निमूट पाहण्याची शिकवण पाळण्यातच द्यायची ती मुलीला, असे काहीसे यात घडले असावे.

नावाला घराघरांत नेले ते अर्थात अत्रिऋषींच्या पत्नीने. दत्त, दुर्वास आणि सोम यांची ही आई. आमचे गाव पुसदकडचे. तिथून माहूर जवळ, आणि माहुरात रेणुकेबरोबर दत्तशिखर आहे, अनसूया शिखरही आहे. आजीने दत्ताला नवस केला होता आणि मुलगी झाली. त्या मुलीचे दुसरे नाव काय असणार! उत्तराखंडात गोपेश्वरजवळच्या मंडल गावावरून चढून गेले की अनसूयेचे देऊळ लागते. तिथे दत्तजयंतीला जत्रा भरते आणि मूल व्हावे म्हणून जोडपी येतात. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली दत्तजन्माची कथा आपल्याकडे पाठ असलेली माणसे आहेत. कीर्तनात ती थोडी निराळी रंगते. नारद अनसूयेची थोरवी सांगतो, तिन्ही देवींना ती सोसत नाही, आणि त्या आपापल्या नवऱ्यांना तिची परीक्षा घ्यायला धाडतात. भिक्षेकरी होऊन आलेल्या त्रिमूर्तीची ती तान्ही बाळे करून टाकते. कीर्तनकार इथे पातिव्रत्यावर थांबतात. मला वाटते, कथेची किल्ली नावातच आहे: जिला असूया नाही तिच्यावर असूयेनेच चाल केली, आणि त्या चालीचे तिने मूल करून मांडीवर घेतले.

वाल्मीकींची अनसूया मला याहून आवडते. अयोध्याकांडाच्या शेवटी राम, सीता, लक्ष्मण अत्रींच्या आश्रमात येतात. ती तिथे थकलेली, सुरकुतलेली, पांढऱ्या केसांची म्हातारी आहे. सीतेला ती पतिधर्माचा उपदेश करते, वस्त्रे आणि दागिने देते. हे सगळ्यांना आठवते. पण त्यानंतर ती सीतेला म्हणते की तुझ्या स्वयंवराची हकीकत मला तुझ्याच तोंडून ऐकायची आहे. आणि सीता आपला जन्म, धनुष्य, लग्न असे सगळे सांगते. एका तरुण मुलीच्या भाग्याची गोष्ट वृद्धा आनंदाने ऐकत बसते. अनसूया या शब्दाची एवढी चांगली व्याख्या कुठल्या टीकाकाराला साधली आहे?

कालिदासाने शकुंतलेच्या एका सखीला हे नाव दिले. गोड बोलणारी ती प्रियंवदा. अनसूया मात्र विचारी, काळजी करणारी. राजाला अनेक राण्या असतात, आमच्या मैत्रिणीवर दुःखाची वेळ येऊ देऊ नका, असे ती राजालाच ऐकवते. खोट न काढणे म्हणजे तोंड मिटून बसणे नव्हे, हे कालिदासाला नीट माहीत होते. गंमत म्हणजे शाप देतो तो दुर्वास, पुराणातल्या अनसूयेचा मुलगा. आणि त्याच्या पाया पडायला प्रियंवदेला पिटाळते ती नाटकातली अनसूया. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा नाव देवघरातून नाट्यगृहातही पोचले.

मग अनसूयेची अनुसया कशी झाली? बोलताना मधला 'अ' गळतो आणि 'अन्सूया' उरते. हे जोडाक्षर जिभेला अवघड, म्हणून पुढच्या 'सू'मधला उकार मागे सरकून 'न'ला चिकटतो. अनुराधा, अनुपमा ही नावे कानात असतातच, त्यामुळे 'अनु'ने सुरुवात होणे शुद्धच वाटू लागते. पुढे कोणी शिकलेला माणूस 'सू' परत आणतो, पण 'नु' काढत नाही, झाली अनुसूया. 'अनु' म्हणजे मागोमाग. नकार गेला आणि असूया मागे लागली, असा विनोद मी कितीदा वर्गात केला असेल.

हे आमच्याच घरी झाले असे नाही. छत्तीसगडच्या माजी राज्यपालांचे नाव अनुसुईया उइके असे लिहितात. १९५२ आणि १९५७ साली नागपूरहून लोकसभेवर निवडून गेलेल्या अनसूयाबाई काळे यांचे नावही अनुसयाबाई, अनुसूयाबाई असे फिरते लिहिलेले आढळते. अहमदाबादच्या अनसूया साराभाई यांनी १९१८च्या गिरणी संपात सख्ख्या भावाविरुद्ध, अंबालाल साराभाईंविरुद्ध, मजुरांची बाजू घेतली. कन्नड कादंबरीकार त्रिवेणी यांचे नाव अनसूया शंकर. तेलंगणात सीतक्का म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्र्यांचे मूळ नाव दनसरी अनसूया. अत्रींच्या आश्रमातल्या दोघी तिथे एकाच बाईत भेटतात.

आपल्याकडे मात्र नाव विझत आले आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला हजेरीपटात एखादी अनुसया असे. मग ती आईच्या नावाच्या रकान्यात गेली, आणि शेवटी शेवटी आजी म्हणूनच भेटू लागली. त्याच व्याकरणाची अनघा मात्र टिकली, कारण तिच्या मागे बाई, लुगडे आणि सोशिकपणा उभे राहत नाहीत.

हे सगळे मी आत्याला रोज संध्याकाळी थोडे थोडे सांगत होतो. तिने एक दिवस विचारले, "म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यात खोट काढायची नाही, एवढंच ना?"

"एवढंच, आत्या."

"स्वतःचं मागायचं नाही, असं कुठं लिहिलंय का?"

मी म्हणालो, नाही.

"मंग मी सोडून देऊ नको म्हणते. तुमचं शेत चांगलंच आहे, मी कुठं नावं ठेवते? पण माझ्या वाट्याचं माझ्याकडं राहू दे. अण्णांनी कधी विचारलं नाही, तूही विचारलं नाहीस. नुसती गाडी घेऊन आलास."

अण्णा म्हणजे माझे वडील. मला उत्तर देता आले नाही. २००५च्या दुरुस्तीनंतर कायदा काय म्हणतो हे मला माहीत होते. ते मी तिला त्या मुक्कामात सांगितले नव्हते, व्युत्पत्ती तेवढी सांगितली होती.

हक्कसोडपत्र झाले नाही. चुलतभाऊ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. प्रतिज्ञापत्र मात्र केले, कारण तिला आता पीककर्जासाठी तेच हवे होते. कोणते नाव कायम करायचे असे वकिलांनी विचारले तेव्हा मी घाईने 'अनसूया' म्हणालो. आत्याने मान हलवली. आई 'अनुसये' म्हणून हाक मारायची, तेच लिहा, म्हणाली. सातबाऱ्यावर तेच आहे.