ज्ञानाची कवाडे (लेखांक ७) : बुडापेस्टला काय ठरले?

गेल्या लेखांकात आपण संशोधनपत्रिकांच्या वर्गणीचा हिशेब मांडला. संशोधनाला पैसा बहुतांशी जनतेचा. शोधनिबंध लिहिणाऱ्याला मानधन नाही, तो तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही नाही. तरीही छापून आलेला निबंध वाचायचा, तर विद्यापीठाने पुन्हा खिशात हात घालायचा. हार्वर्ड विद्यापीठाच्या सल्लागार समितीनेच २०१२ साली आपल्या प्राध्यापकांना लेखी कळवले, की हा खर्च आता झेपत नाही. काही पत्रिकांची वर्षाची वर्गणी ४० हजार डॉलरपर्यंत गेली होती. हार्वर्डची ही गत, तर आपल्याकडच्या तालुक्याच्या महाविद्यालयाने काय करावे? या कोंडीतून बाहेर पडण्याचा आराखडा मात्र त्याच्या दहा वर्षे आधीच लिहिला गेला होता.

१ आणि २ डिसेंबर २००१ रोजी ओपन सोसायटी इन्स्टिट्यूटने बुडापेस्टला मोजक्या लोकांची बैठक बोलावली. खुल्या ज्ञानासाठी आपापल्या जागी झटणारी ही मंडळी होती. अमेरिकेतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर सूबर, इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातले स्टेव्हन हारनाड, विकसनशील देशांतल्या पत्रिका टोरांटोतून इंटरनेटवर आणणारे लेस्ली चॅन, बायोमेड सेंट्रल या प्रकाशनसंस्थेचे यान व्हेल्टरॉप ही त्यांतली काही नावे. ध्येय एक, पण वाटेबद्दल एकमत नव्हते. हारनाड यांचा आग्रह असा, की पत्रिका आहेत तशा राहू द्या, लेखकाने आपल्या निबंधाची प्रत स्वतः सर्वांसाठी खुली ठेवावी. दुसरा पक्ष म्हणे, वाचकाकडून पैसे न घेणाऱ्या पत्रिका उभ्या केल्याशिवाय सुटका नाही. शेवटी दोन्ही वाटा एकमेकींना पूरक म्हणून स्वीकारल्या गेल्या. मसुदा सूबर यांनी लिहिला, त्यावर चर्चा झडली, आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी १६ जणांच्या सह्यांनिशी जाहीरनामा प्रसिद्ध झाला.

या जाहीरनाम्याचे मोल त्याच्या व्याख्येत आहे. ‘ज्ञान सर्वांना मिळावे’ असे म्हणायला कोणाचीच हरकत नसते, म्हणूनच त्या वाक्याने काही बदलत नाही. बुडापेस्टच्या मसुद्याने वाचकाचे हक्क एकेक करून मोजले: निबंध वाचावा, उतरवून घ्यावा, त्याची नक्कल करावी, ती वाटावी, छापावी, त्यात शोध घ्यावा, त्याचा दुवा द्यावा, इतकेच नव्हे तर संगणकाला माहिती म्हणून पुरवावा. यासाठी पैशाची, कायद्याची वा तंत्राची आडकाठी नसावी. लेखकाकडे राहील ते एवढेच, की मजकुराची मोडतोड होऊ नये आणि श्रेय त्याला मिळावे. अशी व्याख्या हाती असली, की कोणतीही पत्रिका खरोखर खुली आहे की नुसते म्हणते, हे तपासता येते.

पहिली वाट प्रत्यक्षात कशी चालते? तज्ज्ञांनी तपासून स्वीकारलेली निबंधाची अखेरची प्रत लेखक आपल्या संस्थेच्या डिजिटल भांडारात ठेवतो. भांडारे एकमेकांशी जुळतील अशा पद्धतीने नोंदी ठेवतात, त्यामुळे शोधणाऱ्याला निबंध कोणत्या संस्थेत आहे हे ठाऊक असण्याची गरज उरत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने असे भांडार २००२ च्या सुमारासच उभे केले. दुसऱ्या वाटेचे उदाहरण तर थेट परळचे आहे. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या अध्यापकांची ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ही पत्रिका १९५५ पासून निघते. बुडापेस्टच्या आसपासच्याच काळात तिने छापील अंकाची वर्गणी चालू ठेवून सगळा मजकूर इंटरनेटवर विनामूल्य खुला केला, तोही लेखकाकडून शुल्क न घेता. मोठे भांडवल पाठीशी नसतानाही हे जमते, हे मुंबईच्या डॉक्टरांनी तेव्हाच दाखवून दिले.

शिक्षणाच्या क्षेत्रात अशीच बैठक सप्टेंबर २००७ मध्ये केप टाउनला झाली आणि जानेवारी २००८ मध्ये तिचा जाहीरनामा निघाला. पण तिथे एक हक्क वाढला: बदल करण्याचा. शोधनिबंधाला हात लावायचा नसतो. पाठ्यसाहित्याला हात लावल्याशिवाय ते आपल्या वर्गाचे होत नाही. उदाहरण बदलावे लागते, धडा लहान करावा लागतो, आपल्या भाषेत आणावा लागतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकप्रणाली शिकवणारे छोटे पाठ खुल्या परवान्याखाली तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे ध्वनिमुद्रण केले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी हा बदलाचा हक्क वाचनाच्या हक्काइतकाच मोलाचा आहे.

बुडापेस्टला एक प्रश्न मात्र पुरता सुटला नाही: खर्च कोणी सोसायचा? अनेक बड्या प्रकाशकांनी वाचकाचे पैसे सोडले आणि लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. ‘नेचर’ने २०२० साली एक निबंध खुला करण्यासाठी ९,५०० युरो आकार जाहीर केला. आपल्याकडचा कोणता संशोधक हे पदरचे भरेल? दार वाचकासाठी उघडले आणि लेखकासाठी लागले, तर आपण पुढे सरकलो असे मला वाटत नाही. जाहीरनाम्याला २० वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, त्याच्या पाठीराख्यांनीही लेखकाकडून शुल्क घेणाऱ्या पद्धतीपासून दूर जाण्याची शिफारस केली.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३ हजार पत्रिका. सरकारी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना तिचा मोठा आधार आहे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ही सामूहिक वर्गणी आहे. संस्थेबाहेरचा खेड्यातला डॉक्टर, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, पत्रकार, शेतकरी हे सगळे अजून दाराबाहेरच आहेत, आणि वर्गणी थांबली की आतलेही बाहेर येतील. म्हणून या योजनेच्या जोडीने, जनतेच्या पैशातून झालेल्या प्रत्येक संशोधनाची प्रत संस्थेच्या भांडारात खुली ठेवण्याचा नियम कसोशीने पाळला गेला पाहिजे. त्याला खर्च थोडा लागतो आणि वाट २००२ पासून तयार आहे. आपल्या विद्यापीठाचे असे भांडार आहे का, त्यात यंदाचे निबंध आहेत का, हे प्रत्येक प्राध्यापकाने आणि विद्यार्थ्याने विचारायला हवे.

पुढील लेखांकात : लेखकाकडून शुल्क न घेता पत्रिका चालवता येते का? ब्राझीलच्या ‘सायलो’चा अनुभव.