गोठ्यातली डोण

चित्रकार अँड्र्यू वायथने पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्डचं कर्नर कुटुंबाचं शेत वर्षानुवर्षं रंगवलं. त्यातलं माझं लाडकं चित्र ‘स्प्रिंग फेड’, १९६७ चं. गोठ्यातली दगडी डोण, काठोकाठ झऱ्याचं पाणी, भिंतीवर उपडी बादली, खिडकीपलीकडे गाय. बस, एवढंच! रंग टेम्पेरा, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला. झटकन वाळतो, म्हणून बारीक रेघांचे थरावर थर द्यावे लागतात. दगडाचा गारवा हाताला लागतो तो त्यामुळेच.

याच शेताजवळच्या रेल्वे फाटकावर १९४५ मध्ये त्याचे वडील, चित्रकार एन. सी. वायथ, अपघातात गेले. (तिथली टेकडी अँड्र्यूच्या ‘विंटर १९४६’ या चित्रात दिसते.) हे कळल्यापासून मला डोणीतलं ते पाणी पूर्वीसारखं शांत वाटत नाही.