राखेचा आसरा

शिमगा सरला कीं सह्याद्रीच्या उतारांवर रात्रीं आगीच्या माळा दिसूं लागतात. दुरून तो देखावा रम्य वाटतो. परंतु वणवा कोणत्या नियमांनीं चालतो, याचा विचार आपण क्वचितच करतों. ते नियम किती निष्ठुर आहेत, हें अमेरिकेंतील मोंटाना राज्यांत १९४९ सालीं घडलेल्या एका प्रसंगावरून ध्यानांत येईल.

ऑगस्टच्या ४ तारखेस मिसूरी नदीकांठच्या मॅन गल्च नांवाच्या घळीपाशीं वीज पडून रान पेटलें. दुसऱ्या दिवशीं वनखात्याचे १५ जवान हवाई छत्र्यांनीं तेथें उतरले. एक वनरक्षकही त्यांना येऊन मिळाला. आग समोरच्या उतारावर होती. इतक्यांत वाऱ्यानें ती घळ ओलांडून त्यांच्या खालच्या वाळलेल्या गवतांत आली. सर्वजण चढावर धांवत सुटले.

येथेंच निसर्गाचा नियम आड आला. चढ मनुष्यास जड जातो, अग्नीस मात्र तोच सुलभ! चढावर ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकतात. तें आधींच तापून कोरडें होतें आणि क्षणांत पेट घेतें.

तुकडीचा नायक वॅग डॉज एकाएकीं थांबला. त्यानें काडी ओढून समोरचें गवत स्वतःच पेटविलें आणि तें जळतांच राखेंत पालथा पडला. अग्नीला तेथें भक्ष्यच उरलें नव्हतें! त्यानें इतरांना हांका मारल्या, पण कोणीही थांबलें नाहीं. दोघे कड्याच्या फटींतून निसटले. १३ जण प्राणांस मुकले.

सारांश, वणव्याशीं झुंज म्हणजे त्याचें इंधन तोडणें होय. प्रत्येक आग दुसऱ्या दिवशीं सकाळीं १० च्या आंत आटोक्यांत आणावी, असें धोरण अमेरिकन वनखात्यानें १९३५ सालीं ठरविलें होतें. परंतु लहान आगी सतत विझविल्यानें रानांत पालापांचोळा सांचतो व पुढची आग शेंड्यापर्यंत पोहोंचते. म्हणून तें धोरण पुढें सोडावें लागलें.

आपल्याकडे वणवे बहुधा माणसेंच लावतात. कोठें विडीचें थोटूक, कोठें गवत चांगलें फुटेल ही समजूत. त्यांत रोपें जळतात, जमीन उघडी पडते आणि पहिल्या मोठ्या पावसांत माती वाहून जाते. यासाठींच वनखातें उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढतें, म्हणजे गवताचे पट्टे आधींच काढून किंवा जाळून टाकतें. डॉजच्या काडीचें तत्त्व तेंच. मात्र तें वेळेवर आणि जाणत्या हातांनींच आचरावें. आपण मुलांबाळांसह गडावर जाल, तेव्हां चुलींतील निखारा पाण्यानें पुरता विझवून मगच पाय उचलावा, एवढें तरी प्रत्येकाच्या हातीं आहे.