मधल्या माणसाचे काम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादरच्या एका हॉलमध्ये शाळकरी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होती. खेळण्याइतकी आमची तयारी नाही, म्हणून वाट्याला आली ती कारकुनी. मुलांनी हाताने लिहिलेल्या डावांचे कागद वाचायचे आणि एकेक खेळी संगणकात भरायची. तिसऱ्याच डावात गाडी अडली. चिरंजीवांनी लिहिले होते, ‘घोडा डी २’. पटावर पाहावे तर एक घोडा बी १ वर, दुसरा एफ ३ वर. डी २ वर दोघेही जाऊ शकतात! संगणकाने हात टेकले.

१९७४ साली गिरगावच्या वासंती खाडिलकरांनी पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली, १९८१ साली त्यांची बहीण रोहिणी आशियाई विजेती झाली. त्या काळचे डाव असेच हाताने टिपलेले. माणूस माणसाशी खेळतो तेव्हा हे खपून जाते. पण दोन्ही बाजूंना संगणकच बसले तर?

१९७० साली न्यूयॉर्कला सहा प्रोग्रॅमची अशी स्पर्धा झाली. अवजड यंत्रे दूर कोठेतरी, निरोप टेलिफोनच्या तारेवरून. यंत्राने सुचवलेली खेळी माणसाने वाचायची, पटावर करायची, घड्याळ दाबायचे. समोरच्याने ती पाहून आपल्या यंत्रात टाइप करायची. एक अक्षर चुकले की पटावर एक डाव आणि यंत्राच्या डोक्यात दुसराच. शिवाय टाइप करण्यात गेलेला वेळ बिचाऱ्या यंत्राच्या खात्यावर!

हा मधला माणूस काढायचा तर त्याच्या जागी पंच म्हणून आणखी एक प्रोग्रॅम बसवावा लागतो, आणि पंच व खेळाडू यांची बोली ठरवावी लागते. २००० साली आलेली ‘यूसीआय’ ही अशीच एक बोली. तीत मोहऱ्याचे नावच नाही. कोठून निघाले आणि कोठे पोचले एवढेच. ‘एफ३डी२’ म्हटले की कोणता घोडा हा प्रश्नच उरत नाही. किल्लेकोट म्हणजे राजाची ‘ई१जी१’ अशी उडी. प्यादे शेवटच्या घरात गेले की त्याचा वजीर होणार की घोडा, हे सांगणारे एक अक्षर पुढे जोडायचे. मला सर्वांत आवडली ती दुसरीच गोष्ट. पंच प्रत्येक वेळी डावातल्या पहिल्यापासूनच्या सगळ्या खेळ्या सांगतो आणि दोघांचा उरलेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात देतो. त्यामुळे खेळाडू मध्येच सगळे विसरला तरी अडत नाही.

बाकी पंचगिरी नेहमीचीच. खेळी नियमात बसते का, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली का, प्यादे न हलवता आणि मोहरे न मारता पन्नास खेळ्या झाल्या का, हे तो पाहतो. एखादा प्रोग्रॅम गोठला तर त्याचे घड्याळ चालूच राहते आणि तो हरतो. माणसाने इथे दया दाखवली असती.

एवढा खटाटोप कशासाठी? तर संख्येसाठी. ‘स्टॉकफिश’ या प्रोग्रॅममध्ये बारीकशी सुधारणा केली, तर ती खरेच सुधारणा आहे का हे ठरवायला हजारो डाव लागतात. २०१३ पासून जगभरचे हौशी लोक आपापले संगणक त्यासाठी देतात. प्रत्येक सुरुवात दोनदा, रंग बदलून खेळवतात, म्हणजे पांढऱ्याचा फायदा कोणा एकाला मिळत नाही. एवढे डाव हाताने कोण खेळवणार?

माणसांच्या स्पर्धांत आता खेळी आपोआप टिपणारे पट मिळतात. डाव संपला की दोन्ही राजे मधल्या ठराविक घरांत ठेवायचे, त्यावरून पट निकाल ओळखतो. मात्र राजे ठेवायचे विसरून खेळाडू तिथेच ‘मी इथे हत्ती घेतला असता तर’ म्हणत मोहरी हलवू लागले, की पट तेही इमानेइतबारे टिपू लागतो!

आमच्या हॉलमध्ये असे पट नव्हते. शेवटी त्या मुलाला बोलावले. तो वडापाव खात आला आणि कागदाकडे न बघताच म्हणाला, “एफ तीनवरचा, दादा. बी एकवाला मी शेवटपर्यंत हलवलाच नाही.”