आठाचे दोन, दोन, चार

सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. विज्ञानाच्या तासाला बसलेल्या प्रत्येकाच्या हाताला हे आकडे बसलेले असतात. एकात एक वर्तुळं काढायची, त्यांवर ठिपके द्यायचे. सर्वांत बाहेर एकच ठिपका उरला की धातू, सात आले की अधातू. अकरावीत त्याच आठाचे एस आणि पी असे भाग पडतात, पाउलींचं अपवर्जन तत्त्व येतं आणि इलेक्ट्रॉन संरूपणाचा धडा संपतो.

हे भाग मुळात नीट पाडले कोणी, ते पुस्तकात नसतं. ते पाडले एडमंड क्लिफ्टन स्टोनर यांनी, १९२४ साली, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते आणि रदरफर्ड यांच्या हाताखाली क्ष-किरणांच्या शोषणावर काम करत होते. १९१९ मध्ये, विद्यार्थिदशेतच, त्यांना मधुमेह असल्याचं निदान झालं होतं. इन्सुलिन तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. १९२७ पर्यंत त्यांनी केवळ काटेकोर पथ्यावर दिवस काढले. १९२४ चं हे कामही या पथ्याच्या वर्षांतलंच आहे.

त्या वेळी अणूच्या रचनेबाबत अखेरचा शब्द नील्स बोर यांचा होता, आणि तो मान त्यांनी कमावलेला होता. ७२ क्रमांकाचं मूलद्रव्य दुर्मीळ मृदांपैकी नसून झिर्कोनियमचं भावंड असणार, हे त्यांच्या अणुरचनेवरून निघत होतं. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजातच ते शोधून काढलं, आणि डिसेंबर १९२२ मध्ये आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शेवटी बोर यांनी ही बातमी जाहीर केली. तेच हाफ्नियम.

पण बोर यांच्या मांडणीत एक कच्चा दुवा होता. कवच भरलं की त्यातले इलेक्ट्रॉन उपगटांत सारखे वाटायचे, असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्या कवचात आठ, म्हणजे चार आणि चार. तिसऱ्यात अठरा, म्हणजे सहा, सहा, सहा. चौथ्यात बत्तीस, म्हणजे आठ-आठचे चार गट. वाटणी सुबक होती, पण अणू तिला साक्ष देत नव्हता.

स्टोनर रोज तीच साक्ष तपासत होते. धातूच्या पातळ पत्र्यातून क्ष-किरण पाठवले आणि त्यांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली, की शोषण बराच वेळ उतरत राहतं आणि मग एका ठिकाणी एकदम उसळी मारतं. ती उसळी म्हणजे एका विशिष्ट पातळीतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याइतकी ऊर्जा किरणांत आल्याची खूण. सगळ्यांत आतल्या के कवचासाठी अशी एकच उसळी मिळते. एल कवचासाठी मिळतात तीन, एमसाठी पाच, एनसाठी सात. एल कवचात पातळ्या तीन असतील, तर आठ इलेक्ट्रॉनांचे गट दोनच कसे?

दुसरी साक्ष उजेडाची. तांब्याच्या क्ष-किरण वर्णपटात के-आल्फा नावाची ठळक रेषा असते. बारकाईनं पाहिलं तर ती एक नसून शेजारी शेजारी दोन आहेत, आणि त्यांतली एक दुसरीच्या जवळपास दुप्पट तेजस्वी आहे. दोन्ही उमटतात एल कवचातला इलेक्ट्रॉन केमधल्या रिकाम्या जागी उतरला की; फरक इतकाच, की दोघींचे इलेक्ट्रॉन एलच्या वेगवेगळ्या पातळ्यांतून येतात. जिथून दुप्पट उजेड येतो तिथे इलेक्ट्रॉनही दुप्पट असणार. एकीकडे चार असतील, तर दुसरीकडे दोन. आणि रेषांच्या या जोडीत न येणारी तिसरी पातळी उरते, तिचे आठातले राहिलेले दोन.

म्हणून आठाचे तुकडे दोन, दोन, चार.

स्टोनर यांनी यातून नियम काढला. प्रत्येक पातळीला तेव्हा 'आंतर पुंजांक' नावाचा एक अंक दिला जात असे. त्याची दुप्पट केली की त्या पातळीतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या मिळते. मग तिसरं कवच होतं २, २, ४, ४, ६, बेरीज अठरा. चौथं होतं २, २, ४, ४, ६, ६, ८, बेरीज बत्तीस. बाहेरून एकही आकडा आणावा लागला नाही.

हा निबंध ऑक्टोबर १९२४ च्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला, आणि त्यात आणखी एक निरीक्षण होतं. सोडियमसारख्या अल्क धातूचा बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात ठेवला, तर एका मुख्य पुंजांकासाठी, म्हणजे एका कवचासाठी, त्याच्या जितक्या वेगवेगळ्या स्थिती मोजता येतात, नेमके तितकेच इलेक्ट्रॉन राजवायूच्या भरलेल्या कवचात मावतात. म्हणजे एका स्थितीला एक इलेक्ट्रॉन. अपवर्जन तत्त्व इथून एका पावलावर होतं.

ते पाऊल वोल्फगांग पाउली यांनी टाकलं. सोमरफेल्ड यांच्या अणुरचनेवरच्या गाजलेल्या ग्रंथाची चौथी आवृत्ती त्याच सुमारास निघाली आणि तिच्या प्रस्तावनेत स्टोनर यांच्या कामाचा गौरव होता. त्यावरून पाउली मूळ निबंधाकडे वळले. जानेवारी १९२५ मध्ये त्यांचा लेख तयार झाला: स्थिती ठरवणारे चारही पुंजांक सारखे असलेले दोन इलेक्ट्रॉन एका अणूत असू शकत नाहीत. या तत्त्वासाठी त्यांना १९४५ चं नोबेल मिळालं. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्टोनर यांचं नाव घेतलं आणि चुंबकीय क्षेत्राबद्दलचं तेच निरीक्षण निर्णायक म्हणून उद्धृत केलं. पाउलींचं मोठेपण निर्विवाद आहे, कारण एका आढळलेल्या जुळणीला त्यांनी निसर्गाच्या नियमाचा दर्जा दिला. पण ती जुळणी त्यांच्या हाती तयार आली होती.

आणि स्टोनर यांच्याही आधी कोणीतरी होतं. जॉन डेव्हिड मेन स्मिथ हे बर्मिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ. मार्च १९२४ मध्ये, म्हणजे सहा-सात महिने अगोदर, त्यांनी 'केमिस्ट्री अँड इंडस्ट्री' या नियतकालिकात हीच वाटणी छापली होती. त्यांचा मुख्य आधार होता मूलद्रव्यांच्या संयुजांचा, म्हणजे कोणतं मूलद्रव्य किती इलेक्ट्रॉन देतं-घेतं याचा. भौतिकशास्त्रज्ञ ते नियतकालिक वाचत नसत. १९२५ मध्ये मेन स्मिथ यांनी 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'ला पत्र लिहून आपला अग्रक्रम नोंदवला. पत्र छापलं गेलं, पण नाव पुसट ते पुसटच राहिलं. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे. परीक्षानळीतून आलेला पुरावा क्ष-किरणांच्या पुराव्याहून कमी अस्सल नव्हता.

स्टोनर लीड्स विद्यापीठात गेले आणि तिथेच राहिले. इलेक्ट्रॉनांच्या जागा मोजण्याचा हिशेब त्यांनी थेट ताऱ्यांपर्यंत नेला. श्वेतबटू ताऱ्यात इंधन संपलेलं असतं. तरी तो स्वतःच्या वजनाखाली कोसळत नाही, कारण एका स्थितीत दुसरा इलेक्ट्रॉन शिरू शकत नाही. पण हा टेकू किती वजन पेलेल? १९३० मध्ये स्टोनर यांनी सापेक्षता धरून गणित केलं आणि वस्तुमानाला मर्यादा असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी ३१ जुलैला एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाले आणि प्रवासात त्याच प्रश्नाशी भिडले. स्टोनर यांनी तारा सगळीकडे सारख्याच घनतेचा मानला होता. चंद्रशेखर यांनी घनता आत वाढत जाणारा, खऱ्याच्या जवळचा तारा घेतला. १९३१ मधल्या आपल्या निबंधात त्यांनी स्वतःचा आकडा स्टोनर यांच्या आकड्याशी ताडून पाहिला आहे. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात आणि ती चंद्रशेखर यांच्या नावानं ओळखली जाते.

चुंबकत्वावरचं स्टोनर यांचं काम संशोधकांना आजही लागतं. १९६८ मध्ये ते वारले. लीड्समध्ये त्यांच्या नावाची इमारत आहे.

अकरावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. फळ्यावर निऑनचे २, ८ लिहिल्यावर आठाखाली २, २, ४ एवढं लिहा, आणि शेजारी दोन नावं: मेन स्मिथ, स्टोनर. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.