संपलं, पण काय?

डरबनमध्ये एका अनुवादिकेशेजारी बसून मी तिचं काम पाहिलं. दवाखान्याच्या खिडकीवर आणि औषधांच्या वाटपात रोज लागणारी इंग्रजी वाक्यं तिला झुलूत करायची होती. यादीत एक वाक्य होतं, 'इट इज फिनिश्ड'. तिने पेन खाली ठेवलं आणि यादी पाठवणाऱ्याला फोन लावला. "काय संपलंय?"

याचं उत्तर मिळाल्याशिवाय झुलू क्रियापदाला सुरुवातच करता येत नाही. पैसे संपले तर 'इमाली इफेलीले'. दूध संपलं तर 'उबिसी लुफेलीले', पाव संपला तर 'इसिंक्वा सिफेलीले', पाणी संपलं तर 'अमान्झी अफेलीले'. धातू एकच, तोंडचा उपसर्ग मात्र नामाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. आपण तीन लिंगं सांभाळतो. झुलूत एकवचनाचे आणि अनेकवचनाचे वर्ग वेगळे धरले तर ते डझनाहून जास्त भरतात, आणि विशेषण, सर्वनाम, सगळ्यांनाच त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. तिच्या टेबलावर डोक आणि विलकाझी यांचा १९४८ सालचा झुलू-इंग्रजी कोश होता. त्यातही उपसर्ग सोलूनच शब्द शोधायचा. 'उबिसी' हवं तर 'बिसी'खाली जायचं.

पुढे 'शी हॅज गॉन' आलं. 'उहाम्बीले' म्हणजे ती गेली, आणि तो गेला हेही. 'तू गेलास' सुद्धा याच अक्षरांनी लिहितात. बोलताना 'उ'चा सूर चढतो की उतरतो यावरून फरक कळतो, आणि लिहिताना सूर दाखवत नाहीत. मराठीला इथे स्त्री की पुरुष ते हवंच असतं. झुलूला ते नको, पण कागदावर 'तू' आणि 'ती' यांची गल्लत व्हायला नको म्हणून तिने माणसाचा उल्लेख करून वाक्य पुन्हा बांधलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मृत्यूच्या वाक्यावर. आधी कुणीतरी तिथे 'मेला' अशा अर्थाचं उघडं क्रियापद लिहून ठेवलं होतं. तिने ते खोडून 'उशोनीले' लिहिलं. सूर्य मावळतो तेव्हाही हेच क्रियापद. रात्रभर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना दवाखान्याने कोणत्या शब्दांत सांगायचं, हा मला तरी व्याकरणाइतकाच मोठा प्रश्न वाटतो. नमस्कारातही समोर कोण आहे ते आधी कळावं लागतं. एकट्या ओळखीच्या माणसाला 'सावुबोना', अनेकांना 'सानिबोनानी', आणि वडीलधारा माणूस एकटा असला तरी पुष्कळदा हे अनेकवचनच.

झुलू अवघड म्हटलं की लोक जिभेच्या टचटच आवाजांची गोष्ट काढतात. ते आवाज सरावाने येतात. खरी अडचण सुटी, संदर्भ तोडलेली वाक्यं करतात. २०२२च्या जनगणनेत दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे २४ टक्के लोकांची घरात बोलायची भाषा झुलू होती. एवढ्या लोकांच्या औषधपाण्याची वाक्यं अशी तुटक पाठवणं मला अक्षम्य वाटतं. अनुवादाला यादी देणाऱ्यांनो, भाषा झुलू असो वा मराठी, प्रत्येक वाक्यापुढे कोण, कुणाशी आणि कशाबद्दल बोलतंय तेवढं लिहून पाठवा.