बालवाडीच्या आधीचा धडा
(द्वितीय वर्ष, कला)

जून जवळ आला की आमच्या वस्तीत तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांची तयारी सुरू होते. कोणी त्यांच्याकडून एक ते वीस अंक घोकून घेते, कोणी इंग्रजी अक्षरे म्हणवून घेते. नवे दप्तर येते, खाऊचा डबा येतो. या तयारीत एक गोष्ट मात्र सहसा नसते. ती म्हणजे स्वतःचे हात स्वतः धुणे. "त्यात काय शिकवायचे? मूल मोठे झाले की आपोआप येते," असे पुष्कळ जण म्हणतात. ते आपोआप येत नाही, आणि का येत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

घरी असेपर्यंत मुलाचे हात आई धुते, आजी धुते. बालवाडीत मुले अनेक आणि बाई एक. शौचाहून आल्यावर आणि खाऊच्या आधी हात धुण्याचे काम तेथे मुलाच्याच अंगावर पडते. शिवाय आपले जेवण हाताचे. वरणभात कालवायचा तो बोटांनीच. मातीत खेळताना जंतांची अंडी नखांत अडकतात आणि घासाबरोबर पोटात जातात. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत गोळी मिळते. पण हात पूर्वीसारखेच राहिले तर जंतही पुन्हा होतात. हात धुण्याची सवय लावली तर मुलांतील हगवणीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संशोधकांना आढळले आहे.

नुसत्या पाण्याने हे साधत नाही. हाताला नेहमी थोडा तेलकटपणा असतो आणि जंतू त्याला धरून बसतात. साबणाचा कण एका टोकाने तेलाला धरतो, दुसऱ्या टोकाने पाण्याला. म्हणून चोळल्यावर मळ सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आपल्या पुण्यातच आढळले. त्यानंतर 'वीस सेकंद हात धुवा' हे वाक्य लहानथोरांना पाठ झाले. साथ ओसरली आणि बहुतेकांची सवयही तिच्याबरोबर गेली. भीतीने लागलेली सवय भीती असेपर्यंतच टिकते.

मग टिकाऊ सवय कशी लावावी? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे हे नाव देशभर गेले. ताराबाईंवर माँटेसोरीबाईंच्या विचारांचा प्रभाव होता. त्या पद्धतीत हात धुणे, भांडे पुसणे, बटण लावणे ही कामे अक्षरांइतकीच शिक्षणाचा भाग मानली जातात. मात्र महागडी साधने न घेता ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पाने वापरली. मूल जेथे आहे तेथे जायचे आणि जे आहे त्यातून शिकवायचे, हा त्यांच्या कामाचा गाभा मला वाटतो.

आमच्यासारख्या घरांत याच विचाराची गरज आहे. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्याकडे नळाला ठराविक वेळीच पाणी येते. मग ते पिंपात भरून दिवसभर पुरवावे लागते. अशा घरात मूल पहिले वाक्य ऐकते ते "पाणी सांडू नकोस!" मोरीकडे गेले की ओरडा, तांब्या उचलला की ओरडा. तीन वर्षे पाण्यापासून दूर ठेवलेल्या मुलाला शाळेत एकदम 'हात का धुतले नाहीत?' म्हणून विचारतात आणि 'अस्वच्छ' हा शिक्का मारून मोकळे होतात. मुलाचा यात काय दोष? पिंपाचे झाकण त्याला उचलत नाही, नळ त्याच्या डोक्यापेक्षा उंच, साबण खिडकीत. सवय लागण्याआधी हात तरी तेथवर पोचला पाहिजे.

माझा भाचा या जूनमध्ये अंगणवाडीत जाईल. त्याच्यासाठी आम्ही एका लिटरच्या बाटलीच्या बुडाशी भोक पाडून त्यात खिळा बसवला आणि बाटली मोरीत त्याच्या छातीच्या उंचीवर बांधली. खिळा काढला की बारीक धार लागते. साबणाचा तुकडा जुन्या मोज्यात घालून शेजारी टांगला. एका बाटलीत त्याचे चार-पाच वेळा हात धुऊन होतात. तांब्याने ओतले तर याहून जास्त पाणी जाते.

क्रम रोज तोच ठेवावा. बाह्या वर, हात ओले, साबण, तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे. मग धुणे आणि स्वच्छ फडक्याला पुसणे. लहान मुलाला सेकंद कळत नाहीत, पण गाणे कळते. दोन कडव्यांचे बडबडगीत संपेपर्यंत चोळायचे. वेळाही ठरलेल्या असाव्यात: शौचानंतर, खाण्याआधी, मातीत किंवा जनावरांशी खेळून आल्यावर. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोठ्यांनी त्याच्याबरोबर हात धुवावेत. बाप हात न धुता ताटावर बसला तर मूलही तेच शिकते. थोडे पाणी सांडेल. ते सांडू द्यावे. नखे आठवड्यातून एकदा कापावीत. साबण संपला असेल तर स्वच्छ राख चालेल. माती नको, कारण जंतांची अंडी तिच्यातच असतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थी भिंतींवर 'स्वच्छता पाळा' असे सुंदर अक्षरांत रंगवतात. ती भिंत तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. पुढच्या शिबिरात आपण एक दिवस जवळच्या अंगणवाडीला दिला आणि मुलांच्या उंचीवर पाण्याची पाच भांडी व साबण टांगून आलो, तर त्यांना वाचावे लागणार नाही. हात पुढे केला की पुरे. खर्चही रंगाच्या एका डब्यापेक्षा कमीच येईल.